त्यांच्या भांडणात मला जागा नव्हती

पुण्यात सहा वर्षं जपानी शिकून मी कॅनडातल्या केंब्रिजच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागले. पण तिथलं जपानी म्हणजे सुटे भाग आणि मीटिंगा. गप्पांची भूक काही भागेना. म्हणून दर शनिवारी गाडी काढून मी ओकव्हिलच्या लायब्ररीत जायचे. तिथे सत्तरीच्या एक जपानी बाई हौसेने गप्पांचा वर्ग चालवायच्या. आम्ही त्यांना सेन्सेई म्हणायचो. त्या माझ्या जपानीचं भरभरून कौतुक करायच्या आणि दोन वर्षं मी त्यावर खूश होते.

मग एक चिनी मुलगी यायला लागली. तिचं व्याकरण माझ्यापेक्षा कच्चं होतं, पण जपानीतली मूळ चिनी अक्षरं तिच्या घरचीच. जपानीत ‘अभ्यास’ लिहायला जी दोन अक्षरं लागतात, त्यांचा चिनीत अर्थ होतो ‘मनाविरुद्ध, कसंबसं’. हे तिने सांगितलं तेव्हा ती आणि सेन्सेई दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मीही हसले, जरा उशिराच. तीच अक्षरं मी वह्याच्या वह्या भरून घोटली होती. घरी येताना गाडीत मी चक्क धुमसत होते.

त्या दिवसांत चीन आणि जपानचं पुन्हा बिनसलं होतं. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम जपानी पेपरातली ती बातमी वाचायला घेतली. वाटलं, जरा फाटू दे यांचं.

झालंही तसंच. बातमीवरून बोलणं युद्धावर गेलं. मुलगी म्हणाली, तिच्या पणजीचं गाव जपानी सैनिकांनी जाळलं होतं. सेन्सेई म्हणाल्या, “माझा जन्म युद्धानंतरचा. मी किती वर्षं मान खाली घालायची ते तूच सांग.”

त्या एकेरीवर आल्या होत्या. माझ्याशी दोन वर्षं त्या ‘अहो-जाहो’ करत आल्या होत्या. मी लावलेल्या भांडणात त्या दोघी एका घरातल्या वाटत होत्या आणि मी दारात उभी असलेली पाहुणी. आता तर मला त्या भांडणाचाच हेवा वाटायला लागला.

मग न राहवून मी बोलले. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ साताऱ्याहून फौजेत गेले होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढताना गेले. सेन्सेईंना वाईट वाटेल म्हणून हे मी कधी काढलं नव्हतं.

सेन्सेईंनी चष्मा काढला. “माझे थोरले काकाही तिकडेच गेले,” त्या म्हणाल्या. “तुमचे ते चुलत आजोबा नेमके कुठे होते?”

मला माहीत नव्हतं. त्या मुलीला पणजीच्या गावची विहीर कुठे होती हेसुद्धा ठाऊक होतं. मी मात्र एका मेलेल्या माणसाला टेबलाशी जागा मिळवण्यासाठी पुढे केलं होतं आणि त्याच्याबद्दल मला धड काही सांगता येत नव्हतं.

घरी येऊन साताऱ्याच्या काकांना फोन केला. ते म्हणाले, “कोहिमा. ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ, आपल्या बाजूला. आज इतक्या वर्षांनी कसं गं विचारलंस?” खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी सेन्सेईंनी कोहिमा हे नाव वहीत लिहून घेतलं, दोनदा विचारून. त्यांचे काका कुठे पडले, ते त्यांच्या घरी कुणालाच कळलं नव्हतं. मुलगीही आली होती. थोड्या वेळाने त्या दोघी कुठल्याशा अक्षरावरून पुन्हा वाद घालायला लागल्या. मी ऐकत बसले. आत कुठेतरी अजून जळत होतंच.