हवेच्या पाईपाचं तोंड

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरांत नळाचं काम करणारा नागनाथ माझा शेजारी. त्यानं बसवलेला नळ गळला असं मी कधी ऐकलं नाही. छप्पन्न साली त्याच्या बापानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, पण गावानं त्यांची जात काढायचं थांबवलं नाही. त्या गावाचा मला अजून राग येतो.

चौऱ्याहत्तर साली दत्तराव नावाच्या बड्या जमीनदारानं परसात न्हाणीघर आणि फ्लशचा संडास बांधला. पाईपाचं सगळं काम नागनाथनं सुट्टीच्या दिवशी केलं. महिन्याभरात घर घाण वासानं भरलं आणि दत्तराव बाजारात सांगत सुटला, "त्या लोकायला काम दिलं की असंच व्हतंय!" दोन घरांनी नागनाथला सांगितलेलं काम लगेच रद्द केलं. कामातलं नाव हीच त्याची इस्टेट, आणि हा माणूस तीच बुडवायला निघाला होता. रविवारी नागनाथ मला साक्षीला घेऊन गेला.

परसात गल्ली जमली होती.

"नाग्या, समदी घाण करून ठिवलीस," दत्तराव ओरडला.

नागनाथनं संडासात बादलीभर पाणी ओतलं. लगेच न्हाणीघराची मोरी गुडगुडली आणि जाळीखालच्या वाकड्या नळात साचलेलं पाणी खाली ओढलं गेलं. तेच पाणी संडासाच्या टाकीतला वास अडवतं.

"दत्तराव, हवेचा पाईप बंद हाय," तो म्हणाला. "वरून हवा येईना, म्हनून मोरीतलं पानी वडून घ्यायलंय. म्या गच्चीवर तोंड उघडं ठिवलं व्हतं."

"मालक म्हन! तुहंच काम कच्चं हाय."

तेवढ्यात दत्तरावची बायको धुरपताबाई नाकाला पदर लावून दारात आली. "कशाला लपवायलात? तुमीच शिमीट घालून बुजवला न्हवं? म्हने, घाणीचं तोंड देवघराच्या वर नको!"

गल्ली हसली. दत्तराव काळानिळा पडला. "बरं, जा वर. फोड."

"जिन्यानं जातो."

"जिना देवघराजवळून जातोय. भाईरून शिडी लाव."

"काम करताना शिडीनंच चढलो. आता चूक माही न्हाई. जिन्यानं न्हाई, तर तुमीच चढा." नागनाथनं छिन्नी-हातोडा धुण्याच्या दगडावर ठेवला.

दत्तरावनं गल्लीकडं पाहिलं. कोणी हललं नाही. घाणीचं काम करून देवघराजवळून जाणं त्याला स्वतःलाही चालेना, म्हणून धोतर खोचून, शिव्या देत तो शिडीनंच चढला. सिमेंटचा बोळा फुटला आणि महिन्याचा कोंडलेला वास त्याच्या तोंडावर आला. मी मोठ्यानं हसलो, मला लाज वाटली नाही.

नागनाथनं पुन्हा बादली ओतली. मोरी गप्प राहिली. काम रद्द केलेली पंचफुलाबाई तिथंच उभी होती. "उद्या आमच्याकडं या, भाऊ," ती म्हणाली.

उतरताना शिडी डगमगली. "अरे, धर की!" दत्तराव वरून ओरडला.

"माहा हात चालंल का?" नागनाथनं विचारलं.

सगळी गल्ली ऐकत होती. दत्तराव 'चालंल' म्हणेपर्यंत नागनाथनं हात पुढं केला नाही.