नवस बोलणारा आणि फेडणारी

आमच्या शास्त्रात एका सरदाराची गोष्ट आहे. लढाईला निघताना तो देवाला नवस बोलतो, जिंकून परत आलो तर माझ्या घराच्या दारातून जे पहिलं समोर येईल ते तुला अर्पण. जिंकतो, परततो, आणि दारातून नाचत येते त्याची एकुलती एक मुलगी. पुढे एवढंच लिहिलंय की बापाने नवस फेडला. जाळलं तिला, की जन्मभर बिनलग्नाची ठेवली, यावर पंडित पिढ्यान् पिढ्या डोकेफोड करत आलेत.

माझे बाबा दुसऱ्या पक्षाचे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी ज्यू; आमच्या प्रार्थनाघराला, सिनेगॉगला, मशीदच म्हणतो. माझगावच्या आमच्या मशिदीत शनिवारी प्रार्थना झाली की बाबा उरल्यासुरल्या मंडळींना शास्त्र समजावायचे. एका पानावर होमातल्या चरबीचा वास देवाला गोड लागतो, दुसऱ्या पानावर तोच देव बैल-बोकडांना विटतो, हे कसं काय? बाबांकडे उत्तर तयार. आणि सरदाराच्या मुलीवर आले की हमखास म्हणायचे, "मारली नाही हो तिला! फक्त लग्न नाही झालं तिचं."

फक्त म्हणे! वर बायकांच्या गॅलरीत बसून मी हे ऐकायचे आणि माझं डोकं फिरायचं.

कारण आमच्या घरात तेच चाललं होतं. माझा भाऊ लहानपणी मेंदूज्वराने बेशुद्ध पडला, डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा बाबा मशिदीत जाऊन नवस बोलले, पोरगा वाचला तर इथला दिवा शेवटपर्यंत आमच्या घरच्या हातानेच लागेल. नवसाला तेल देणं आमच्यात काही नवं नाही. लोक बाटलीभर तेल देतात, गोड पोह्यांचा मलिदा वाटतात आणि मोकळे होतात. बाबांनी सबंध हातच देऊन टाकला, आणि कोणाचा ते काही बोललेच नाहीत. भाऊ वाचला. शिकला, इस्रायलला गेला, तिकडे बायकापोरांत रमला. आई वारली, बाबांची नजर गेली. मग उरलं कोण? ऑफिस सुटलं की थेट मशीद, ग्लासात तेल, नवी वात. पुण्याची, अहमदाबादची स्थळं आली तशी गेली. बाबा म्हणायचे, "लांब पडतं गं."

गेल्या वर्षी ठाण्याहून एक विधुर आला. माझ्यासारखाच पन्नाशीला टेकलेला, कायमचा इस्रायलला निघालेला. भायखळ्याला इराण्याकडे आम्ही एकदोनदा बसलो. खूप हसवायचा मला. खोटं कशाला बोलू, मला जायचं होतं. अगदी जीव तुटत होता.

मशिदीचा वॉचमन म्हणाला, दिवा मी लावतो, तुम्ही बिनधास्त जा. बाबा ऐकेनात. मग मी त्यांचंच शास्त्र त्यांच्यापुढे टाकलं. नवसातून सुटायची सोय आहे आमच्यात. तीन जाणती माणसं पंच म्हणून बसतात. नवस बोलणाऱ्याने पुढे उभं राहून पस्तावा सांगायचा, की ते म्हणतात, सुटलास. पंडित सांगतात, तो सरदारही सुटला असता. पण तो धर्मगुरूच्या दारी जाईना, धर्मगुरू त्याच्या दारी येईना, आणि दोघांच्या ताठ्यापायी पोरगी गेली. हे मला बाबांनीच शिकवलेलं. "मग तुम्ही तरी तसं करू नका ना!" मी रडले, भांडले, बोलणं टाकलं. शेवटी बाबा कबूल झाले.

आमच्या नव्या वर्षाच्या आधी एका सकाळी मशिदीतले तिघे वडीलधारे चाळीचा जिना धापा टाकत चढून आले. बाबा खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. तिघांतल्या सगळ्यात म्हाताऱ्याने प्रश्नच असा विचारला, की एक 'नाही' पुरे होतं. "हा नवस पोरीच्या गळ्यात पडेल, तिचा संसार राहून जाईल, हे तेव्हा कळलं असतं तर बोलला असतात का?"

बाबा म्हणाले, "हो. बोललो असतो."

"अहो, नुसतं नाही म्हणा ना," दुसरे कुजबुजले.

"पोरगा वाचला त्याचा पस्तावा सांगू? देवासमोर खोटं बोलू?"

"आणि माझं काय, बाबा?" मी ओरडलेच.

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. पस्तावा नाही तर सुटकाही नाही, असं म्हणून तिघांनी माना खाली घातल्या. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

शास्त्रातल्या त्या बापाने मुलीला दारात बघून निदान दुःखाने अंगावरचे कपडे तरी फाडले. माझ्या बाबांनी खुर्ची चाचपली, बसले, आणि म्हणाले, "चहा टाक गं बाय, मंडळी जिना चढून आलीयेत."