तीस सेकंदांचा धीर

औषधांच्या कंपनीत सगळे तिला ‘पोचपावती’ म्हणत. नवरा कामावर पोचला का, हे ती त्याला रोज तीनदा विचारायची. कामही तसंच मिळालं होतं. ऑर्डर घेणारी प्रणाली आणि गोदामाची प्रणाली यांच्यात निरोपांची ने-आण करणारं मधलं सॉफ्टवेअर ती जुळवायची. आज नवी जोडणी सुरू झाली होती. गोदामाकडून तीस सेकंदांत पोच आली नाही, तर तीच ऑर्डर पुन्हा पाठवायची, असं तिनं त्यात ठरवून दिलं होतं.

अकराच्या सुमारास गोदामातल्या काकांचा फोन आला. “ताई, त्या हॉस्पिटलला लशींची चार खोकी हवीत?”

“एकच!” ती जवळजवळ ओरडलीच. शीतगृहातून बाहेर काढलेली लस परत आत ठेवता येत नाही. “काढली का हो सगळी?”

“एकच काढलंय. तीच ऑर्डर चारदा आली, म्हटलं आधी विचारावं. आमची प्रणाली जुनी, सावकाश बोलते. तुमच्या सॉफ्टवेअरला जरा दम धरवत नाही का?”

“माझ्यावर गेलंय ते.”

तिनं तीस सेकंदांची पाच मिनिटं केली आणि पुढची ऑर्डर सोडली. दोन मिनिटं झाली, तीन झाली. हात ‘पुन्हा पाठवा’च्या बटणाकडे वळायला लागला, तसा तिनं तो मांडीखाली दाबून धरला.

चौथ्या मिनिटाला पोच आली. तिनं लगेच काकांना फोन लावला.

“एकदाच आली ना?”