स्वखुशीने

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं — निदान ती तसं दाखवते — की नोकरी मी सोडली. दौंडला, शिरूरला, जिथं जिथं माझे फ्लेक्स लागतात तिथं सगळ्यांनाच तसं वाटतं. नावाखाली ‘लाइफ कोच’ आणि त्याखाली, ‘मोठ्या कंपनीची नोकरी लाथाडून आलेला माणूस’. लाथाडून म्हणे! कुणाला लाथाडलं हो मी?

थांबा, असं नको. नीट सांगतो.

शिरूरकडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी एचआरला होतो. काम काय, तर माणसं काढणं. पण काढलं असं म्हणायचं नाही. माणसाला केबिनमध्ये बोलवायचं, बसवायचं, चहा मागवायचा आणि टाइप केलेला कागद हळूच पुढे सरकवायचा. ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ स्वखुशीने — हा शब्द त्यात असायलाच हवा, नाहीतर उद्या कोर्टकचेरी. एरवी आमच्याकडे चहा कागदी कपात यायचा. त्या दिवशी मात्र कपबशीत, पाहुण्याला देतात तसा. पुढं पुढं लोकांनी ते ओळखलं. बशी दिसली की माणसाचा चेहरा उतरायचा. आणि मी काय करायचो? पेनाचं टोपण काढून पेन त्याच्याकडे धरायचो.

मग एक दिवस मोठ्या साहेबांनी मला बोलावलं, आणि बशी माझ्यापुढं आली.

सही केली. दुसरं काय करणार होतो? पार्किंगशेजारच्या संडासात जाऊन भडभडून ओकलो, तोंड धुतलं, आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, सोडली नोकरी, स्वखुशीने. ठरवून नाही हो, तोंडातून निघून गेलं. ती रेल्वेत आहे, पगार चालू, घर अडणार नव्हतं. ती एवढंच म्हणाली, बरं केलंत, फार चिडचिड व्हायची तुमची. तेव्हाच खरं बोललो असतो तर — जाऊ दे. नाही बोललो.

मग एका मित्रानं त्याच्या क्लासच्या पोरांपुढं बोलायला नेलं. तिथं तीच गोष्ट सांगितली, जरा मीठमसाला लावून. टाळ्या पडल्या. अपमान गिळून बसलेल्या माणसाला टाळ्या मिळाल्या की तो काय होतो, माहितीये? बेशरम होतो. मी झालो. कोर्स केला, सर्टिफिकेट लावलं, कोट शिवला. भीती सोडा, नोकरी सोडा, स्वतःला शोधा — गावोगाव हेच सांगत सुटलो. स्वतःचं घर बायकोच्या पर्मनंट नोकरीवर चाललेलं, आणि मी दुसऱ्यांच्या पर्मनंट नोकऱ्या सोडवत होतो.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, खोटं बोललास, पण त्यात कुणाचं काय गेलं? तेच तर सांगायचंय. तिथंच जीभ अडते.

संतोष मांडवगण फराटा गावचा, माझ्या कार्यक्रमांना येणारा. कितीतरी वर्षं कंत्राटात घासून दुसऱ्या एका कंपनीत पर्मनंट झालेला. आमच्या भागात पर्मनंट म्हणजे काय, हे बाहेरच्याला उमजायचं नाही. मुलगी देताना आधी तेच विचारतात. आणि त्याच्या कंपनीत पर्मनंट कामगाराच्या आईबापालाही मेडिक्लेम होता. संतोषच्या आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस व्हायचं, ते त्या मेडिक्लेमवर. हे मला ठाऊक होतं. पहिल्याच भेटीत त्यानं सांगितलं होतं.

माझं भाषण ऐकून त्यानं राजीनामा दिला. भांडगावला हायवेवर मिसळीचं हॉटेल टाकायचं होतं त्याला. त्याचा साहेब भला माणूस. म्हणाला, शनिवारपर्यंत विचार कर, तोवर मी कागद पुढं पाठवत नाही. शुक्रवारी संतोष दौंडला माझ्या घरी आला. पाणीसुद्धा प्याला नाही.

“सर, सही करताना तुम्हाला भ्या न्हाई वाटलं?”

बघा. एवढंच विचारलं त्यानं. मला काढलं होतं रे, उद्या जा आणि कागद परत घे — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण रविवारी शिरूरला माझा कार्यक्रम होता. माझं ऐकून नोकरी सोडलेला माणूस मला स्टेजवर हवा होता.

“त्या रात्री,” मी म्हणालो, “कित्येक वर्षांनी मला शांत झोप लागली, संतोष.”

रविवारी मी त्याच्या गळ्यात हार घातला.

हॉटेल चाललं नाही. मेडिक्लेम तर नोकरीबरोबरच गेला. सरकारी दवाखान्यात नंबर लागेना, दोनदाचं डायलिसिस एकदावर आलं. तो फोन करायचा. एकदा म्हणाला, आईच्या अंगावर लई सूज आलीय. मी म्हणालो, आईला पॉझिटिव्ह विचार करायला सांग. होय, हेच म्हणालो मी. तुम्हाला ऐकून किळस आली असेल. मला रोज येते. जीव नकोसा होतो, मग आंघोळ करून कोट घालतो आणि पुढच्या कार्यक्रमाला जातो.

त्याची आई गेली.

आमच्याकडे दशक्रियेला नदीकाठी मांडव घालून श्रद्धांजलीची भाषणं होतात, तुम्हाला ठाऊक असेल. बहुतेक पुढारी बोलतात. संतोषनं फोन करून मला बोलवून घेतलं. मुंडण केलेला, उघडा, खांद्यावर पंचा — तसाच तो माइकपाशी उभा राहिला.

“सरांनी मला भ्यायचं न्हाई शिकवलं. आई म्हणायची, एकदा सरांना घरी जेवाया आण. ऱ्हाऊनच गेलं.”

मी उठलो. वाटलं, आता बोलावं, सगळ्यांदेखत, तिच्या फोटोकडे बघून. माइक हातात घेतला — आणि सवयीनं बोललो. धाडस, निर्णय, माउलीचा आशीर्वाद. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. संतोष हात जोडून ऐकत होता.

गाडीकडे निघालो तर त्याच्या भावकीतला एक जण मागं आला. हळू आवाजात म्हणाला, मीबी पर्मनंट हाय सर, पण मन रमत न्हाई, तुमच्याशी बोलायचं होतं.

मी त्याला माझा नंबर दिला.