ताईच्या झोपेतला दिवा

आमच्या ह्यांना झोपेत उडायचं होतं. खोटं नाही सांगत. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी माणसं कूलरमध्ये पाणी ओतून गपगार पडतात, तेवढं सुख कमी पडलं म्हणून की काय, ह्यांना वर आभाळात चक्कर मारून यायची होती. सीताबर्डीला ह्यांचं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. रंगीत टीव्ही नुकते येऊ लागले होते, पण उन्हाळ्याच्या दुपारी दुकानाकडे कुत्रंही फिरकायचं नाही. मग हे शटर ओढून घरी यायचे आणि विज्ञानाची इंग्रजी मासिकं वाचत लोळायचे.

अशाच एका मासिकात त्यांना सापडलं की स्वप्न पडत असलं की मिटलेल्या पापण्यांखाली माणसाची बुबुळं इकडून तिकडे पळतात. नेमकं तेव्हा डोळ्यांवर दिवा लुकलुकवला तर तो दिवा स्वप्नात शिरतो, आणि 'अरे, हे तर स्वप्न आहे' असं झोपेतच कळतं. एकदा कळलं की स्वप्नात मनासारखं वागता येतं म्हणे.

"मग जागेपणी मनासारखं वागायला कोणी अडवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"जागेपणी घरात तू असते ना," हे म्हणाले.

तरी पट्टी मीच शिवून दिली. मोडक्या छत्रीचं काळं कापड घेतलं, मागे इलॅस्टिक लावलं. आत प्रत्येक डोळ्यावर ह्यांनी डाळीच्या दाण्याएवढा एकेक हिरवा दिवा बसवला. त्याची वायर दोन सेलांना आणि दारावरच्या घंटीच्या बटणाला जोडली. खालून पट्टी जराशी उघडी ठेवली होती, तिथून पापणी दिसायची. पापणी हलायला लागली की शेजारी बसलेल्या माणसानं बटण दाबायचं. शेजारी बसलेलं माणूस म्हणजे अर्थात मी. मासिकात लाल दिवा सांगितला होता, पण ह्यांचं म्हणणं, हिरवा डोळ्याला थंड. आपल्याकडे डोळे आले तरी हिरवा चष्माच घालतात ना!

हे काही उडाले नाहीत. एवढे घोरत होते की माझं बटणावर लक्षच लागेना. स्वप्नात त्यांना एक गिऱ्हाईक लुकलुकणारा टीव्ही घेऊन आलेलं दिसलं आणि हे तिथेही दुरुस्तीला बसले. मी पोट धरधरून हसले. पट्टी कपाटावर पडली असती आणि विषय संपला असता, पण ताईनं सगळं ऐकलं होतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भाऊजी मालगाडीवर गार्ड होते. ते गेल्यावर अजनीचं रेल्वे क्वार्टर सोडून ती आमच्याकडे राहायला आली, त्याला वर्ष होत आलं होतं. भाऊजींच्या छातीत अधूनमधून दुखायचं. ताई म्हणायची दवाखान्यात चला, ते म्हणायचे गॅस आहे, ओवा दे. शेवटी तिनं तिचं नेहमीचं हत्यार काढलं, अबोला धरला. दवाखान्यात जाल तेव्हाच बोलीन, म्हणाली. ताट आपटून ठेवायचं, डबा न बोलता पुढे सरकवायचा, बघायचंसुद्धा नाही. तशातच एका दिवशी कॉलवाला ड्यूटीचं बोलावणं घेऊन आला. भाऊजी दारात थांबले, "येतो वं" म्हणाले. ती गप्प राहिली. त्या फेरीतच, चालत्या गाडीत ते हार्टफेल होऊन गेले.

तेव्हापासून ताई जेवायची, कामं करायची, सगळं करायची, पण तिच्यात जीव नव्हता. आपण बोललो नाही म्हणूनच ते गेले, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. मी समजावून थकले, चिडले, हात जोडले. काही उपयोग नाही. शिवाय तिला सारखं एकच स्वप्न पडायचं. भाऊजी पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये क्वार्टरच्या फाटकाशी उभे, ही दारात उभी. ते वाट बघतात, हिच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग ते सायकलवर बसून जातात.

ह्यांच्यापुढे पन्ह्याचा गिलास ठेवता ठेवता तिनं विचारलं, "त्या पट्टीनं मले स्वप्नात बोलता येईन का?"

हे गडबडले. "येईल ताई. म्हणजे, यायला पाहिजे."

"मले एवढंच म्हणायचं आहे त्याईले, चुकलं माझं. एकदा म्हटलं की झालं. मंग मी काही मागणार नाही."

जमलं नाही तर हिचं काय होईल, या विचारानं मी ह्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण ताईनं पट्टी उचललीसुद्धा होती.

तयारी अशी होती की जागेपणीही अधूनमधून दिवा लावायचा आणि स्वतःला विचारायचं, मी जागी आहे की झोपेत? ताईनं ते मनावर घेतलं. भाजी निवडताना, पाणी भरताना मध्येच थांबायची. "मी जागी आहो का वं?" असं तिनं शेजारणीलाही विचारलं. ती बिचारी घाबरून मला येऊन सांगून गेली, बहिणीकडे लक्ष दे गं बाई.

दुपारी जेवणं झाली की ताई कूलरसमोर चटईवर पट्टी बांधून पडायची आणि मी बटण घेऊन उशाशी बसायची. वाळ्याचा ओला वास, कूलरची घरघर, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. बहिणीचा चेहरा इतका वेळ मी कधी पाहिला नव्हता. किती वाळली होती! सुरुवातीला तर तिला झोपच लागेना. मग एका दुपारी पापणीखाली बुबुळ पळायला लागलं. मी बटण दाबलं. ताईचा श्वास अडकला, आणि ती ताडकन उठून बसली.

"काय झालं? दिसला दिवा?"

"दिसला. फाटकापाशी हिरवा लागला. अन ते लगेच निघून गेले. थांबलेच नाही."

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच. दिवा लागला की भाऊजी सायकलवर टांग टाकायचे. आधी निदान थोडा वेळ उभे तरी राहायचे. ताई दिवसेंदिवस खंगायला लागली. दुपारी झोपायचं नाव काढेना, डोळे मिटायचीच तिला धास्ती बसली. होतं तेवढं दर्शनही आम्ही घालवलं, असं मला झालं. पट्टी चुलीत घालते, असं मी ह्यांना सांगूनही टाकलं.

आणि मग भाकरी थापता थापता ताईच म्हणाली, "जातीन नाही तं काय करतीन? गार्ड होते ते. हिरवा दिसला की गाडी निघते. मीच त्याईले हिरवा दाखवून रवाना करून राहिली."

मी चुलीपुढून उठले ती थेट बाहेरच्या खोलीत. "अहो, गार्डाच्या बायकोला हिरवा दिवा दाखवता? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? डोळे आलेत का तिचे, हिरवा लावायला!"

ह्यांनी कपाळावर हात मारला, चपला घातल्या आणि तसेच रणरणत्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून दुकानाकडे गेले. आले ते दोन लाल दिवे घेऊन. जेवलेसुद्धा नाहीत, आधी दिवे बदलले.

त्या दिवशी ताईला झोप लागायला बराच वेळ लागला. ती कुशीवर वळली, पुन्हा उताणी झाली. शेवटी पापणी थरथरली. मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. ती उठली नाही. तिचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, पण ओठ एवढे भराभर हलत होते की 'चुकलं माझं' एवढंच काही ती बोलत नव्हती, हे मला कळलं. कपाळावर आठ्या चढल्या, हाताची मूठ वळली. मला भीती वाटली, हाक मारावी का? ह्यांनी दारातून खूण केली, थांब.

मग ओठ थांबले. थोड्या वेळानं तिनं स्वतःच पट्टी वर सरकवली. डोळे लालबुंद.

"थांबले?" मी विचारलं.

"थांबले. लाल होता ना, जातीन कुठं? एक पाय जमिनीवर टेकवून उभे राहिले. अन मले समजलं का हे सपन आहे."

"मग? मागितली माफी?"

"कायची माफी?" ताई एकदम भडकली. "भांडली मी त्याईच्याशी! म्हटलं, काहून नाही गेले दवाखान्यात? मी बोंबलून बोंबलून सांगतलं, पाया पडली, बोलणं सोडलं, तरी गॅस आहे, गॅस आहे! मले एकटीले टाकून गेले. लय बोलली. एवढी मी त्याईले जन्मात बोलली नाही."

"आणि ते?"

"खाली मान घालून ऐकून घेतलं सारं." मग ती माझा हात धरून म्हणाली, "ते त्याईच्या हट्टानं गेले वं. माझ्या अबोल्यानं नाही."

आणि भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा ती मोकळं रडली, शेजारपाजारचे जागे होतील इतकं. मीही रडले. रडता रडता मला तिचा रागही आला. हेच मी वर्षभर तिच्या कानीकपाळी ओरडत होते. माझं तिनं कधी ऐकलं नाही. त्यांच्यावर ओरडली, तेव्हा तिला पटलं.