ताप उतरल्यावर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही.

मी पनवेलच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. प्रतिकारशक्तीचा धडा माझा लाडका. कुणी न शिकवता शरीर केवढं लढतं! पण डेंग्यूपाशी आले की जीभ अडखळते. तिथे कधी कधी विषाणूपेक्षा आपली प्रतिकारशक्तीच जास्त भडकते. ताप उतरू लागतो तेव्हाच बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं. माणूस बरा दिसतो – आणि खरा धोका तेव्हाच असतो.

हे मला माहीत होतं. तोंडपाठ होतं.

दिराची हळद होती, विचुंब्याला, माझ्या सासरच्या गावी. माझी नणंद ज्योती करवली, आणि नेमका तिलाच डेंग्यू. डॉक्टरांकडे मीच नेलं होतं. ताप उतरला की लगेच रक्त तपासायला आणा, पोट दुखलं तर थांबूच नका – त्यांनी मलाच बजावलं होतं. हळदीच्या सकाळी ताप उतरला.

"वयनी, पोटान दुखतंय गो," ज्योती हळूच म्हणाली.

तेवढ्यात सासूबाईंनी दारातून विचारलं, "डाक्टर काय बोलला? आता काय भ्या नाय ना?"

साऱ्या घराचे डोळे माझ्याकडे. करवलीशिवाय हळद लागणार कशी? शुभकार्यात मोडता घालणारी शिकलेली सून – हे नाव मला नको होतं. एवढंच. मी म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, ताप उतरला की झाली बरी."

संध्याकाळी बेंजोवर हळदीची गाणी वाजत असताना ती मांडवात कोसळली. हातपाय गार. मग मात्र मीच ओरडले, मीच तिला गाडीत घातलं. इस्पितळात सलाईन चढत राहिलं, आणि हळूहळू त्या झिरपणाऱ्या वाहिन्या आपल्या आपण सावरल्या! कुणी टाका घातला नाही. ज्या शरीराने तिला बुडवायला घेतलं, त्यानेच काठाला लावलं. भीतीतही मी थक्क झाले होते – हे सांगायची लाज वाटते, पण झाले होते.

"वयनी व्हती म्हनून पोर वाचली," घरात सगळे म्हणू लागले. मी कुणाला अडवलं का?

पुढे ज्योतीचं लग्न झालं. सासरी निघताना ती आईच्याही आधी माझ्या पाया पडली. "तुज्यामुलं हाय मी, वयनी."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद दिला.