रानबुवाच्या मुठीतला चिंचोका

आमच्या रविवारच्या खेळात एक नियम आमचा स्वतःचा आहे, तो खेळाच्या पुस्तकात नाही. ज्याने मंत्र धरला असेल त्याने डाव्या मुठीत एक चिंचोका धरायचा आणि मंत्र चालू आहे तोवर मूठ उघडायची नाही. चहा उजव्या हाताने प्यायचा, फासे उजव्या हाताने टाकायचे, पापडसुद्धा एकाच हाताने मोडायचा. मूठ उघडली की मंत्र संपला. हा नियम माझ्या ताईने काढला. चिंचोकेही तिचेच.

खेळ सांगायला सोपा आहे. सतरंजीवर गोल बसायचं. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपलं माणूस आता काय करतं ते आपण बोलायचं. ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. गोष्ट सांगतो माझा कंपनीतला सहकारी. पुण्यात शिकायला होता तेव्हा त्याला हा नाद लागला. शेजारचा मेडिकलवाला तलवारबहाद्दर आहे, त्याचं दुकान रविवारी दुपारी बंद असतं. मी ड्रुइड आहे, म्हणजे रानात राहून झाडांशी, पावसापाण्याशी बोलणारा जाणता. आम्ही त्याला रानबुवा म्हणतो. खेळ भरतो केडगावात, ताईच्या घरी, बाहेरच्या खोलीत. नोकरी लागल्यापासून मी तिच्याकडेच राहतो. भाऊजी टेम्पो चालवतात. रविवारी दुपारी ते आतल्या खोलीत झोपलेले असतात, त्यामुळे आमच्या सगळ्या लढाया हळू आवाजात होतात.

ताई सुरुवातीला फक्त चहा आणून ठेवायची आणि दाराला टेकून ऐकायची. एकदा आमची टोळी नदीकाठी अडली होती. पूल तुटलेला, पाणी चढलेलं, आणि आम्ही कितीतरी वेळ नुसते वाद घालत होतो. ताई म्हणाली, "आरं, शेपटाला धरून जावा की म्हशीच्या. मघाशीच म्हनला ना भाऊ, पल्याड गोठा हाय म्हून. संध्याकाळच्याला म्हशी घरी जातीलच."

सहकारी हातातला फासा तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही बसा बरं इथं."

अशी ती बसली. तिने आपलं माणूस तयार केलं: एक म्हातारी. हातात काठी, मागे चार शेरडं, कुणाला न भिणारी. सहकाऱ्याने विचारलं, तरुण योद्धा का नको? ताई म्हणाली, "तरुनपनात काय ठेवलंय? म्हातारीला कुनी काम सांगत न्हाई. ती हिंडती." त्या म्हातारीचा अख्खा इतिहास तिने रचला. ती कुठल्या डोंगराची, नवऱ्याशी का भांडली, कुठल्या शेरडाला काय आवडतं. आठवडाभर स्वयंपाक करता करता ती मला सांगायची, "म्हातारीला आता एक कांबळं पाहिजे, बघ." आमच्या खेळात सुरुवातीलाच ठरलं होतं की मेलेलं माणूस परत येत नाही. त्यामुळे म्हातारीला ती फार जपायची. मला वाटतं, तिच्या आयुष्यात कुणी न मागता, कुणाच्या उपयोगाची नसलेली, फक्त स्वतःसाठी तिने केलेली ती पहिली गोष्ट होती.

आता माझ्या मंत्रांबद्दल.

रानबुवाला गोष्टीतल्या प्रत्येक मुक्कामानंतर आपले मंत्र नव्याने निवडता येतात. निवडायचे थोडे, यादी मोठी. काही मंत्र टाकले की झाले. काही मात्र मन एकाग्र करून धरून ठेवावे लागतात: शत्रूच्या पायात वेली गुंतवणारा, दाट धुकं उतरवणारा, माणसाच्या कातडीवर बाभळीसारखी साल चढवणारा, आभाळातून वीज ओढून आणणारा. जोरकस मंत्र बहुतेक या धरायच्या जातीचे. आणि त्यांना एकच अट: एका वेळी एकच धरता येतो. दुसरा धरला की पहिला आपोआप सुटतो.

पुस्तक इंग्रजीत आहे. पदवीधर म्हणून ते वाचून सगळ्यांना मराठीत समजावण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते परीक्षेसारखं वाचलं. तरीही निवडताना मी एकजात धरायचे मंत्र घेतले.

सहकाऱ्याने माझा कागद बघितला. "अरे, सगळे धरायचेच घेतलेस. मूठ एकच आहे तुला."

"वेळेला जो लागेल तो वापरीन."

"आणि बाकीचे काय, हळदीकुंकवाला? जखम भरणारा एखादा घे. काट्यांचा फटका घे. टाकला की मोकळा होतोस."

मी ऐकलं नाही. समोर आलेलं सोडायचं नाही ही माझी शिकतानाची सवय आहे. शिष्यवृत्ती असो, वसतिगृहातली जागा असो, सरांनी घेतलेले जादा तास असोत, मी मिळालेलं सगळं घेतलं आणि त्यातूनच इथवर आलो. ज्यांनी दिलं त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण आपण एक घेताना दुसरीकडे काय सुटतं, ते बघायची सवय मात्र मला लागली नाही.

तो रविवार असा होता. गोष्टीत आम्ही एका खिंडीत होतो आणि समोरून लुटारू येत होते. खिंडीचं तोंड अरुंद, एकच माणूस उभं राहील एवढं. ताईने माझ्याकडे बघितलं. "साल चढव म्हातारीवर. मी ऱ्हाते पुढं."

मी मंत्र धरला. ताईने डब्यातून चिंचोका काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटली. म्हातारी खिंडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. वार येत होते आणि सालीवरून निसटत होते. ताई प्रत्येक वाराला लुटारूंना शिव्या घालत होती, भाऊजी जागे होतील म्हणून कुजबुजत. मेडिकलवाला हसून हसून लाल झाला होता.

तेवढ्यात सहकाऱ्याने सांगितलं, डोंगरावर ढग जमलेत, गडगडतंय. त्याने ते मुद्दाम माझ्याकडे बघून सांगितलं, असं मला वाटलं. वीज ओढायचा मंत्र मी निवडल्यापासून एकदाही वापरला नव्हता.

मेडिकलवाला म्हणाला, "आरं टाक की वीज! कधीची राखून ठेवलीय, लोणचं घालायचंय का?"

मला तेव्हा सगळं माहीत होतं. वीज धरली की साल सुटणार, हे मीच सगळ्यांना मराठीत समजावलं होतं. मनात मी असा हिशेब केला की विजेने सगळे पडतील, म्हातारीपर्यंत कुणी पोचणारच नाही. पण खरं सांगायचं तर तो हिशेब मागून आला. आधी वीज टाकावीशी वाटली. मी मूठ उघडली आणि चिंचोका शेवेच्या ताटलीशेजारी ठेवला.

ताईने चिंचोक्याकडे बघितलं.

वीज छान पडली. फासेही चांगले पडले. लुटारू भाजून निघाले, मेडिकलवाल्याने माझ्या पाठीत थाप मारली. एक लुटारू उरला. त्याचा भाला म्हातारीला लागला. सहकाऱ्याने फासा टाकला, पुन्हा एकदा पुस्तकात बघितलं आणि हळूच म्हणाला, "साल असती तर निसटला असता."

"मंजे? गेली का?" ताईने विचारलं.

"गेली, ताई."

तिने चिंचोक्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बरं झालं बाई, गुडघं लई दुखायचं तिचं." सगळे हसले. ती उठली आणि कप गोळा करून आत गेली. कपात अजून चहा होता.

सहकारी मला म्हणाला, "आपण मागे घेऊ. वीज टाकलीच नाही असं धरू." मी आत जाऊन ताईला तसं सांगितलं. ती कप विसळत होती. "मेली ती मेली. खोटं कशाला खेळायचं?" एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी ती बसली नाही. उडदाचे पापड करायचेत म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी गव्हातले खडे निवडत होती. आम्ही खेळत होतो आणि आतून सुपाचा आवाज येत होता. एका खेळातल्या म्हातारीसाठी इतकं वाईट वाटून घेणं शहाणपणाचं नाही, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. ते जमलं नाही, कारण सुपाचा तो आवाज मी लहानपणी फार ऐकला आहे.

आमचं गाव पाथर्डीच्या बाजूचं, कोरडवाहू. आईवडील दरसाल ऊसतोडीला कोपरगावकडे जायचे. मुलं सोबत गेली की शाळा बुडते. म्हणून माझ्या शाळेसाठी ताईला गावात ठेवलं. भाकरी थापणं, पाणी आणणं, मला वेळेवर शाळेत पाठवणं हे सगळं तिच्याकडे. त्यात तिचीच शाळा सुटली. कुणी सोडवली नाही, म्हणजे तसं कुणी ठरवलं नाही. घराला एकच शाळा धरता येत होती आणि ती माझी धरली गेली. संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर चिंचोके खेळायचो. एका बाजूने घासून पांढरे केलेले ते चिंचोके तिने लग्नानंतरही डब्यात जपून आणले. आमच्या खेळात मुठीत धरायचे ते हेच.

नोकरी लागल्यावर मी एकदा तिच्याजवळ हा विषय काढला होता. म्हणालो, माझ्यामुळे तुझं राहिलं. ती म्हणाली, "आता कशाची माफी मागतो? करपलेल्या भाकरी मी तुला घातल्या, त्याची मी मागितली का?" आणि मी हसलो. हसून विषय संपला म्हणून मला बरंही वाटलं होतं. आता आठवतं ते एवढंच की तिने उत्तर दिलं नव्हतं.

पापड आणि गव्हाच्या त्या रविवारांनंतर गोष्टीत आमचा मुक्काम पडला आणि मला मंत्र नव्याने निवडायचे होते. मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ताई भेंडी चिरत होती.

"ताई, यातले कोणते घेऊ?"

"मला काय इचारतो, साहेब? बुवा तू."

"तरी सांग." मी एकेक मंत्र वाचून दाखवला. सांगितलं की या वेळी धरायचा एकच घेणार आहे, सालीचा, आणि बाकीचे टाकून मोकळं व्हायचे. तू नवं माणूस कर. साल तुझ्यावरच राहील, काही झालं तरी.

तिने विळी बाजूला सारली. "नको. माज्यावर काय बी धरू नको."

"का?"

"तू धरलंय म्हून मी पार पुढं जाऊन उभी ऱ्हायले. न्हाईतर म्हातारी एवढी येडी नव्हती. धरलेलं न्हाई हे ठावं आसलं, तर मानूस आपलं आपलं जपून उभं ऱ्हातं."

तिने देठं गोळा करून कागदावर टाकली आणि म्हणाली, "मला बुवाच व्हायचंय आता. व्हईल का दोन बुवा?"

होतात. सहकारी म्हणाला, अगदी होतात. रविवारी ती सतरंजीवर येऊन बसली. मंत्र तिने आठवडाभर मला छळून निवडले होते. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "ह्यो धरायचा का टाकायचा?" धरायचे तिने दोनच घेतले, साल आणि वीज.

लढाई लागली. तिने साल माझ्यावर चढवली. मी म्हणालो, मला नको. ती म्हणाली, "गप. तुला कुनी इचारलं?" चिंचोका तिच्या डाव्या मुठीत गेला. ती उजव्या हाताने चहा ओतत होती, उजव्या हातानेच फासे टाकत होती, आणि मी पुन्हा एकदा तिने धरलेल्याच्या आत उभा होतो. लहानपणी होतो तसाच. मला जेवढी लाज वाटत होती तेवढंच सुरक्षितही वाटत होतं, हेही लिहिलं पाहिजे.

मग आभाळ भरून आलं. सहकाऱ्याने सांगितलं, शत्रू एका जागी जमलेत, वीज टाकायला याहून चांगली वेळ नाही. मेडिकलवाल्याने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं.

ताई मुठीकडे बघत राहिली. मग सहकाऱ्याला म्हणाली, "भाऊ, सोडलं तर ह्याला लागंल का?"

"लागू शकतं, ताई. मरूही शकतो."

ती माझ्याकडे वळली. "सोडू का रं?"

तिने विचारलं. मी तिला विचारलं नव्हतं. त्याच सतरंजीवर, तोच चिंचोका, आणि विचारायला मला एक क्षण पुरला असता.

"सोड ताई," मी म्हणालो. "टाक वीज."

"लागलं तर रडायचं न्हाई. आन् आईला सांगायचं न्हाई."

तिने मूठ उघडली. इतका वेळ घट्ट धरल्यामुळे चिंचोक्याचा वळ तळहातावर उठला होता. चिंचोका तिने ताटलीशेजारी ठेवला नाही, माझ्या हातात दिला. आणि फासा उचलून, भाऊजींची झोप विसरून, ती मोठ्यांदा ओरडली, "पड गं बाई!"